कांगारू ऑस्ट्रेलियातच का? प्राणी आणि वनस्पती आपापल्या जागी कसे पोहोचले

प्रश्न थोडक्यात असा आहे: कांगारू ऑस्ट्रेलियाच्याच बाजूला का सापडतात, पेंग्विन उत्तर ध्रुवाकडे का नाहीत, आणि चारी बाजूंनी शेकडो किलोमीटर समुद्र असलेल्या बेटावर सरडे, झाडे, किडे मुळात आले कुठून? या प्रश्नाच्या पोटात एक समजूत आहे. ज्या जिवाला जे हवामान मानवते तिथे तो असणार, आणि नसेल तर तिथे त्याला जगता येत नसणार. मी आयुष्यभर याच विषयात काम करतो आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगतो की ही समजूत फार वेळा फसवते. एखादा जीव एखाद्या ठिकाणी दिसायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. त्याचे पूर्वज तिथे असावे लागतात किंवा तिथवर पोहोचावे लागतात, मग तिथे तगावे लागतात, आणि पुढे तिथून नाहीसे न होता टिकावे लागतात. हवामान मधल्या गोष्टीचे उत्तर देते. पहिली आणि तिसरी गोष्ट समजायची तर जुना काळ उकरावा लागतो.

नुसते हवामान पुरत नाही, हे माणसानेच नकळत सिद्ध करून ठेवले आहे. १८५९ साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया भागात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने इंग्लंडहून आणवलेले दोनेक डझन ससे शिकारीसाठी मोकळे सोडले. पुढच्या पन्नासेक वर्षांत ते खंडाच्या बहुतेक भागात पसरले. जमीन त्यांना मानवणारी होतीच, मधला समुद्र तेवढा ओलांडता आला नव्हता. आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेच्या वाळवंटांत निवडुंग आहेत. आफ्रिकेच्या वाळवंटांत तसेच मांसल, काटेरी, बिनपानांचे खांब उभे असतात, पण ते शेराच्या कुळातले, खोडात चीक असलेले. फुले शेजारी ठेवली की दोघांचे काही नाते नाही हे लगेच कळते. हवामान सारखे असल्यामुळे रूप सारखे झाले, पण ते रूप घेणारी घराणी वेगळी, कारण त्या त्या खंडावर तीच हजर होती. जुन्या आणि नव्या जगाच्या उष्ण भागांत हवामान सारखे असूनही सस्तन प्राणी वेगवेगळे असतात, हे फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्यूफाँ यांनी १७६१ सालीच नोंदवले होते. आमच्या शास्त्राची सुरुवात मी तिथून धरतो.

हा इतिहास जमिनीवर रेघ मारावी इतका स्पष्ट दिसतो ती जागा म्हणजे इंडोनेशियातल्या बाली आणि लोंबोक या दोन बेटांमधली सामुद्रधुनी. इंग्रज निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५६ साली बालीवरून लोंबोकला गेले. अंतर जेमतेम ३५ किलोमीटर. हवामान तेच, ज्वालामुखीची माती तीच. पण बालीवर आशियातले सुतारपक्षी आणि तांबट, तर लोंबोकवर काकाकुवा, मध चोखणारे ऑस्ट्रेलियन पक्षी आणि पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी पुरून ठेवणारे मोठ्या पायांचे पक्षी. उडता येणाऱ्या पक्ष्यांना ३५ किलोमीटर जड का जावेत, असे इथे हमखास विचारले जाते. घनदाट जंगलातले अनेक पक्षी उघड्या पाण्यावर जायलाच धजत नाहीत. पंख असणे आणि समुद्र ओलांडण्याची सवय असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या सीमेचे कारण पाण्याच्या खोलीत आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, इतके पाणी बर्फात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा बाली, जावा, सुमात्रा आणि बोर्निओ ही बेटे नव्हतीच. ती आशियाला जोडलेली सलग जमीन होती. वाघ बालीपर्यंत चालत आले ते यामुळे. पलीकडे न्यू गिनी ऑस्ट्रेलियाला जोडलेले होते. पण लोंबोकची सामुद्रधुनी तिच्या सर्वांत उथळ उंबरठ्यावरही २५० मीटरच्या आसपास खोल आहे, त्यामुळे समुद्र कितीही ओसरला तरी तिथे पाणी राहिलेच. उथळ समुद्राने अलग झालेल्या बेटांवरचे प्राणी एकमेकांसारखे आणि खोल समुद्राने अलग झालेल्यांवरचे वेगळे, ही संगती वॉलेस यांना स्वतःलाच लागली होती, आणि तीही समुद्रतळाची नीट मोजणी झालेली नसताना. मला त्यांचे सर्वांत मोठे काम हेच वाटते. वनस्पतींना मात्र ही सीमा तितकीशी अडवत नाही. बिया आणि बीजाणू वाऱ्याने, पाण्याने, पक्ष्यांच्या पोटातून जातात. त्यामुळे झाडांचा नकाशा आणि प्राण्यांचा नकाशा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत.

आता मोठ्या काळाकडे वळू. डार्विन आणि वॉलेस यांच्या काळात खंड आपापल्या जागी स्थिर आहेत असेच सगळे मानत. मग दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांच्यात एकसारखे जीवाश्म सापडले की लोक समुद्रात बुडालेल्या जमिनीच्या पुलांची कल्पना करत. १९१२ साली जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडच सरकतात असे मांडले. त्यांच्या पुराव्यांत मेसोसॉरस नावाचा मीटरभर लांबीचा सरपटणारा प्राणी होता. त्याचे जीवाश्म दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका या दोनच ठिकाणी सापडतात, आणि अटलांटिक पार करण्याची त्याची कुवत नव्हती. त्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे साथीदार मरण पावले. त्यांच्यापाशी सुमारे १६ किलो दगड सापडले. अखेरच्या दिवसांतही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. हीच पाने भारत, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या खडकांत सापडतात. ही सगळी जमीन एके काळी एक होती. तिला गोंडवन म्हणतात. वेगेनर यांचे म्हणणे सर्वमान्य व्हायला मात्र १९६० चे दशक उजाडावे लागले. समुद्राचा तळ मधोमध फाटत जातो आणि तिथे नवा खडक तयार होतो, हे तेव्हा मोजून दाखवता आले.

त्यानंतर आमच्या विषयात एक लाट आली. जी जोडी समुद्रापलीकडे दिसेल तिचा खुलासा खंड फुटण्याने करायचा. काही ठिकाणी तो अगदी योग्य आहे. पश्चिम घाटात वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढणारा, फुगीर अंगाचा जांभळा बेडूक आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन २००३ साली झाले. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरचे इवलेसे बेडूक आहेत. दोन्ही वंश डायनासोरांच्या काळातच वेगळे झाले होते, आणि भारत व सेशेल्स सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटले. म्हणजे वंशाची फाळणी जमिनीच्या फाळणीपेक्षा जुनी. बेडकांना समुद्र ओलांडावा लागलाच नाही. ते ज्या जमिनीवर बसले होते ती जमीनच निघून गेली.

पण शहामृगाच्या मंडळींकडे पाहा. आफ्रिकेत शहामृग, दक्षिण अमेरिकेत ऱ्हिया, ऑस्ट्रेलियात एमू, न्यूझीलंडमध्ये किवी, आणि मादागास्करमध्ये आता नामशेष झालेले प्रचंड हत्तीपक्षी. सगळे न उडणारे, सगळे गोंडवनाच्या तुकड्यांवर. खंड फुटले आणि प्रत्येक तुकड्यावर एकेक पक्षी राहिला, ही गोष्ट इतकी सुबक होती की कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत तीच शिकवली गेली. २०१४ साली हत्तीपक्ष्याच्या हाडांतला जुना डीएनए वाचता आला, आणि किवीचा सर्वांत जवळचा नातेवाईक शेजारच्या ऑस्ट्रेलियातला एमू नसून मादागास्करचा हत्तीपक्षी निघाला. हे दोन भूभाग कधीच एकमेकांना थेट लागून नव्हते. शिवाय दक्षिण अमेरिकेतले टिनामू, जे थोडेफार उडतात, याच घराण्याच्या आत बसतात. त्यामुळे आता असे मानले जाते की यांचे पूर्वज उडत होते, उडत दूरवर पोहोचले, आणि उडणे त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सोडले. दक्षिणेकडचे बीच वृक्ष, नोथोफॅगस, यांचेही तसेच. ही झाडे दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि न्यू गिनीत आहेत, आणि त्यांचे बी वजनदार असते, समुद्रात टिकत नाही. म्हणून ती गोंडवनाची खूण मानली जात. पण न्यूझीलंड सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी अलग झाले, आणि तिथल्या काही प्रजाती ऑस्ट्रेलियातल्या नातलगांपासून त्याच्या बऱ्याच नंतर वेगळ्या झाल्याचे डीएनए सांगतो. याचा अर्थ कधी तरी बी समुद्र पार करून गेलेच.

या दोन उदाहरणांमुळे मी कोणत्याही कोड्याला हात घालताना पहिल्यांदा वयाची चौकशी करतो. दोन खोल्यांत विभागलेल्या घरातली माणसे भिंत बांधण्याआधीच वेगळी राहत होती की भिंतीनंतर कोणी खिडकीतून पलीकडे गेले, हे भिंतीचे वय कळल्याशिवाय सांगता येत नाही. इथेही तेच. डोंगर, समुद्र, वाळवंट, जो काही अडथळा असेल त्याचे वय एकीकडे, आणि दोन वंश कधी वेगळे झाले तो काळ दुसरीकडे. वंश जुना किंवा अडथळ्याच्या बरोबरीचा असेल तर अडथळ्याने त्यांना तोडले असण्याचा संभव मोठा. वंश तरुण असेल तर कोणी तरी तो अडथळा ओलांडला. नकाशा कितीही बोलका वाटला तरी नकाशाला वय नसते, म्हणून एकट्या नकाशावर मी निष्कर्ष काढत नाही.

अर्थात ही वये ठरवणे सोपे नाही. डीएनएमधले बदल काळाबरोबर साठत जातात, पण सगळ्या वंशांत एकाच वेगाने नाही. उंदरासारख्या लवकर पिढी बदलणाऱ्या प्राण्यांत तो वेग कासवांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून या घड्याळाला जीवाश्मांच्या आधाराने जुळवावे लागते. आणि जीवाश्म नेहमी किमान वय सांगतो. तीन कोटी वर्षांच्या खडकात माकडाचा दात मिळाला तर माकडे निदान तीन कोटी वर्षांपूर्वी तिथे होती. त्याआधी नव्हती असे त्यातून ठरत नाही. अडथळ्याच्या वयातही फसगत होते. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या इग्वाना या मोठ्या सरड्यांचे जमिनीवरचे आणि समुद्रात पोहून शेवाळ खाणारे असे दोन गट ज्या काळी वेगळे झाले, त्या काळी आजची बहुतेक बेटे अस्तित्वात नव्हती. मग ते राहत कुठे होते? बेटांच्या पूर्वेला समुद्राच्या तळाशी जुने, झिजून बुडालेले ज्वालामुखी आहेत. एके काळी तीही बेटे होती. एक बेट बुडत गेले तसे प्राणी पुढच्या नव्या बेटावर सरकत गेले.

आता समुद्र ओलांडण्याविषयी, कारण इथे लोकांचा विश्वास सर्वांत कमी बसतो. डार्विन यांनाही ही शंका छळत होती, म्हणून त्यांनी घरीच प्रयोग केले. ८७ जातींच्या बिया खाऱ्या पाण्यात २८ दिवस बुडवून ठेवल्या. त्यांतल्या ६४ जातींच्या बिया नंतर उगवल्या. एका तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल झाकून ठेवला, तर सहा महिन्यांत त्यातून ५३७ रोपे निघाली. पाणपक्ष्याच्या पायाला लागून तसा चिखल किती दूर जाऊ शकेल याचा विचार करा. प्राण्यांसाठी मुख्य वाहन म्हणजे पुरात वाहून आलेल्या झाडांचे गुंतलेले तराफे. हे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का, असे विचारतात. १९९५ साली कॅरिबियन समुद्रात लागोपाठ दोन मोठी चक्रीवादळे आली. त्यानंतर अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा एक तराफा लागला आणि त्याच्यावर निदान १५ हिरवे इग्वाना होते. ही जात त्याआधी त्या बेटावर नव्हती. पुढची काही वर्षे ते तिथे जगत असल्याच्या नोंदी आहेत.

एका माणसाच्या आयुष्यात अशी घटना विरळा. पण एक कोटी वर्षे हाताशी असतील तर हजारात, लाखात एक असलेली शक्यताही प्रत्यक्षात येते. मादागास्कर आफ्रिकेपासून सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी सुटू लागले, आणि लेमूर, म्हणजे माकडांचे दूरचे नातेवाईक, तिथे पोहोचले ते त्यानंतर खूप उशिरा, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी. मध्ये ४०० किलोमीटरहून रुंद समुद्र होता. इथे एक अडचण बराच काळ पुढे केली जाई: आजचे प्रवाह आफ्रिकेकडून बेटाकडे वाहत नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाने दाखवले की त्या काळी आफ्रिका आणि मादागास्कर दोन्ही आजच्यापेक्षा बरेच दक्षिणेला होते, आणि तेव्हा अधूनमधून पूर्वेकडे जोराचा प्रवाह तयार होत असे. मग आणखी एका गोष्टीला अर्थ येतो. मादागास्करच्या मूळ भूचर सस्तन प्राण्यांत लेमूर, टेनरेक, मुंगसासारखे मांसाहारी आणि उंदीर एवढीच मुख्य घराणी आहेत. हत्ती, माकडे, हरणे, मार्जारकुळातले प्राणी नाहीत. जमिनीचा पूल असता तर तेही आले असते. इतकी तुटक यादी चुकूनमाकून पोहोचलेल्यांचीच असते. दक्षिण अमेरिकेतली माकडेही अशीच आफ्रिकेकडून अटलांटिक पार करून गेली, सुमारे साडेतीन ते चार कोटी वर्षांपूर्वी, जेव्हा दोन्ही खंड तुटून कित्येक कोटी वर्षे झाली होती. समुद्र तेव्हा आजच्यापेक्षा अरुंद होता, तरीही अंतर प्रचंडच.

दूरच्या ज्वालामुखी बेटांवर कोण नाही, हे पाहणेही तितकेच उपयोगाचे. बेडकांची त्वचा पातळ, अंडी उघडी; खारे पाणी त्यांना सहन होत नाही. म्हणून अशा बेटांवर मूळचे बेडूक सहसा नसतात. हवाईमध्ये मूळचा एकमेव भूचर सस्तन प्राणी वटवाघूळ आहे, कारण ते उडत आले. ही दोन निरीक्षणे डार्विन यांनी हत्यारासारखी वापरली: जीव प्रत्येक जागेसाठी तिथल्या तिथे निर्माण झाले असते, तर बेडकांना साजेशा बेटांवर बेडूक का नाहीत? तरी ‘अशक्य’ हा शब्द इथेही जपूनच वापरावा. मायोत हे समुद्रातून वर आलेले ज्वालामुखी बेट आहे, कुठल्याही खंडाचा तुकडा नाही, आणि तरी तिथे मादागास्करहून गेलेले बेडूक आहेत.

पोहोचणे आणि तगणे यांतला फरक नव्या जमिनीवर स्वच्छ दिसतो. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाताऊ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि उरलेल्या बेटावरचे सगळे राखेखाली गेले. पुढच्या मे महिन्यात तिथे गेलेल्या मंडळींना जिवंत दिसला तो फक्त एक कोळी. बारीक कोळी धाग्याच्या आधाराने वाऱ्यावर तरंगत खूप दूर जातात. त्या कोळ्याला खायला तिथे काय होते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तीन वर्षांनी नेचे आले होते. १९६३ साली आइसलँडजवळ समुद्रातून वर आलेल्या सर्टसी बेटावर पहिल्या २० वर्षांत २० जातींच्या वनस्पती कधी ना कधी दिसल्या, पण मूळ धरले ते साधारण निम्म्यांनी. कारण राखेत आणि वाळूत पोषण नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्याला तिथे कुरव पक्ष्यांची वसाहत झाली, त्यांच्या विष्ठेने जमीन सकस केली आणि मग हिरवळ झपाट्याने वाढली. बी आधीही येत असणार. त्याला रुजायला पक्षी यावे लागले. १९६० च्या दशकातच अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतच्या तिवरांच्या छोट्या बेटांवर विल्सन आणि सिम्बरलॉफ या अभ्यासकांनी तंबू घालून सगळे किडे मारले आणि कोण परत येते ते पाहिले. वर्षभरात जातींची संख्या जवळपास पूर्वीएवढी झाली, पण जाती बऱ्याचशा वेगळ्या होत्या. किती जण मावतील हे जागा ठरवते; नेमके कोण, यात योगायोगाचा हात मोठा असतो.

तिसरी गोष्ट राहिली, नाहीसे होण्याची. माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण जे नाही ते दिसत नाही. उंट आज आशिया-आफ्रिकेच्या वाळवंटात आहेत आणि त्यांचे भाऊबंद लामा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात. मध्ये अर्धी पृथ्वी. उत्तर सापडते ते दोन्हीकडे नसून उत्तर अमेरिकेत. उंटांचे कुळ तिथेच चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाले. काही जण तेव्हाच्या जमिनीवरून आशियात गेले. काही जण पनामाची संयोगभूमी, म्हणजे दोन्ही अमेरिकांना जोडणारी जमिनीची अरुंद पट्टी, तयार झाल्यावर, सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी, दक्षिणेला उतरले. मूळ घरातले मात्र शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस संपले. कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समियर बेटावर सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड उंटाच्या हाडाचे तुकडे मिळाले आहेत. तो थंड जंगलात राहत होता. उंट म्हणजे वाळवंट, असे आपल्या डोक्यात बसले आहे ते फक्त उरलेल्या उंटांना पाहून.

कांगारूंचे उत्तरही असेच. पिशवीत पिल्ले वाढवणारे प्राणी ऑस्ट्रेलियाची खास देणगी वाटतात, पण त्यांच्या घराण्याचे जुने जीवाश्म उत्तरेकडच्या खंडांवर आहेत. तिथून ते दक्षिण अमेरिकेत गेले, आणि तेव्हा दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया अजून जोडलेले होते. अंटार्क्टिकावर बर्फ नव्हता, जंगल होते. १९८२ साली अंटार्क्टिकाच्या सेमूर बेटावर पिशवीवाल्या प्राण्याचे जीवाश्म सापडले आणि या वाटेचा मधला दुवा हाती लागला. चिलीच्या जंगलात आजही उंदराएवढा एक पिशवीवाला प्राणी राहतो, ज्याचे नाते अमेरिकेतल्या ओपोसमपेक्षा ऑस्ट्रेलियातल्या मंडळींशी जवळचे आहे. पुढे ऑस्ट्रेलिया सुटून उत्तरेकडे सरकला, अंटार्क्टिका गोठला, आणि अलग पडलेल्या खंडावर या प्राण्यांनी चरणाऱ्यांची, शिकाऱ्यांची, बिळात राहणाऱ्यांची अशा सगळ्या भूमिका घेतल्या. कांगारू हे त्या खंडावरच घडलेले रूप आहे. इतरत्र ते कधी नव्हतेच.

पेंग्विनांचे उत्तर त्या मानाने लहान आहे. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म न्यूझीलंडचे, सहा कोटी वर्षांहून जुने. ते थंड, अन्नाने भरलेल्या पाण्यावर जगतात, आणि विषुववृत्ताजवळचा उबदार समुद्र त्यांना भिंतीसारखा आडवा येतो. थंड प्रवाहाची सोबत मिळाली तिथे ते गॅलापागोसपर्यंत पोहोचले, म्हणजे थेट विषुववृत्तावर. त्यापुढे वाट नाही. उत्तर अटलांटिकमध्ये तसाच उभा राहणारा, न उडणारा, पोहून मासे पकडणारा मोठा ऑक पक्षी होता, पण तो वेगळ्याच कुळातला. माणसाने त्याची बेसुमार शिकार केली. आइसलँडजवळ त्याची शेवटची ज्ञात जोडी १८४४ साली मारली गेली. १९३६ साली नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर काही राजपेंग्विन सोडण्यात आले होते. ते लगेच मेले नाहीत, १९४० च्या दशकातही दिसत होते, पण इतक्या थोड्यांतून वसाहत उभी राहिली नाही.

हिमयुगांचा विषय स्वतंत्र उत्तराचा आहे, म्हणून एवढेच सांगतो की बर्फ वाढला तेव्हा युरोपातली ओक झाडे आणि काटेरी जाहक (हेजहॉग) स्पेन, इटली आणि बाल्कन अशा दक्षिणेच्या आसऱ्यांत मागे सरली, आणि बर्फ हटल्यावर पुन्हा उत्तरेला पसरली. कोण कुठल्या आसऱ्यातून आले हे आजच्या डीएनएमध्ये वाचता येते. ही हालचाल थांबलेली नाही. जर्मन निसर्गअभ्यासक हुम्बोल्ट यांनी १८०२ साली दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर कोणती वनस्पती किती उंचीवर उगवते ते टिपले होते. २०१२ साली तिथे पुन्हा मोजणी झाली तेव्हा वनस्पतींचे पट्टे वर सरकलेले आढळले; नेमके किती, यावर वाद आहे.

आणि शेवटी माणूस. आजचा कुठलाही नकाशा वाचताना माणसाने काय नेले आणि काय संपवले हे आधी बाजूला काढावे लागते, आणि ते नेहमी सोपे नसते. गायबगळा आफ्रिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण अमेरिकेत पोहोचला तो स्वतःच्या पंखांनी. पण तिथे तो टिकला कारण माणसाने जंगल तोडून गुरांची कुरणे केली होती. याला नैसर्गिक म्हणायचे की मानवी? मी दोन्ही म्हणतो, आणि नोंद करताना दोन्ही लिहितो. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून झाडावर चढणारा तपकिरी साप गेला आणि काही दशकांत तिथले बहुतेक मूळ वनपक्षी संपले. तिथे आज पक्षी का नाहीत, याचे उत्तर जंगलात शोधून मिळणार नाही.

ऑस्ट्रेलियातही वयाची तीच चौकशी कामी येते. डिंगो हा कुत्रा तिथे निदान साडेतीन हजार वर्षांपूर्वी दर्यावर्दी माणसांबरोबर होडीतून आला. साधारण त्यानंतरच मुख्य भूमीवरून दोन पिशवीवाले शिकारी नाहीसे झाले, पट्टेरी थायलासिन आणि टास्मानियन डेव्हिल. टास्मानिया बेटावर मात्र दोघेही राहिले. मधली सामुद्रधुनी हिमयुगानंतर समुद्र चढला तेव्हाच, डिंगो येण्याच्या हजारो वर्षे आधी, पाण्याखाली गेली होती; डिंगो तिच्यापलीकडे गेलाच नाही. डिंगो, वाढती मानवी वस्ती आणि बदलते हवामान यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण मुख्य भूमी डेव्हिलला मानवत नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याला उत्तर मिळाले आहे. २०२० साली न्यू साउथ वेल्समध्ये कुंपण घातलेल्या एका संरक्षित जंगलात ते सोडले गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांना तिथे पिल्ले झाली.